ताज्या, स्वच्छ वासाचा परफ्यूम अंगावर कसा वागतो: नव्याने वापरणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नुकतीच आंघोळ करून आल्यासारख्या ताज्या वासाचा परफ्यूम घेणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. दुकानात हुंगला तेव्हा जीव खूश झाला, आणि घरी लावला तर तासाभरात गायब. मग दुकानदाराने फसवले, बाटली नकली निघाली किंवा आपल्या अंगावर काही टिकतच नाही, असे निष्कर्ष निघतात. त्यांतला एखादा कधीमधी खराही असतो. पण बहुतेक वेळा परफ्यूमचे वागणे त्याच्यातल्या घटकांना धरूनच असते. ज्या पदार्थांमुळे वास ताजा वाटतो, ते झटकन उडणारे असतात. जे पदार्थ संध्याकाळपर्यंत मागे राहतात, त्यांचा वास बहुधा ताजा नसतो, फार तर स्वच्छ असतो. ताजेपणा आणि स्वच्छपणा या दोन गोष्टी बाटलीत एकत्र असल्या तरी अंगावर एकामागून एक येतात, आणि खरेदी करताना आपण पैसे पहिलीचे मोजतो व दिवस दुसरीबरोबर काढतो. पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्या हा हिशोब खरेदीच्या आधी कसा मांडावा यासाठीच आहेत.

पहिली पायरी: ताजेपणाची जात ओळखणे

‘फ्रेश’ या एका शब्दाखाली निदान चार प्रकृतींचे वास विकले जातात आणि त्या चौघांचे अंगावरचे आयुष्य सारखे नसते.

सर्वांत जुनी जात लिंबूवर्गीय कोलोनची. इटलीतून जर्मनीतल्या कोलोन शहरात आलेल्या फारिना घराण्याची पेढी १७०९ मध्ये सुरू झाली, आणि योहान मारिया फारिना याने आपल्या सुगंधी पाण्याला त्या शहराचेच नाव दिले. त्याच शहरातले ४७११ हे कोलोन भारतातही पुष्कळांना माहीत आहे. १७९० च्या दशकात, फ्रेंच फौज शहरात आली त्या सुमारास, शहरातल्या घरांना क्रमांक दिले गेले, त्यातल्या एका घराचा आकडा पुढे त्या कोलोनचे नाव झाला. लिंबू, संत्रे आणि बर्गमॉट (एक सुगंधी लिंबूवर्गीय फळ) यांच्या सालींची तेले, कडू संत्र्याच्या फुलांपासून काढलेले नेरोली, थोडे लॅव्हेंडर आणि रोझमेरी असा या कोलोनांचा साधारण ऐवज असतो. संत्र्याच्या सालीच्या तेलात सुमारे ९५ टक्के, तर लिंबाच्या सालीच्या तेलात साधारण दोन तृतीयांश लिमोनीन हा पदार्थ असतो. हलके रेणू चटकन उडतात आणि लिमोनीनचा रेणुभार अवघा १३६ आहे; अंगाच्या उबेवर ते टिकायचा प्रश्नच येत नाही. नागपुरी संत्रे सोलताना सालीतून उडणाऱ्या बारीक तुषारांनी खोली भरून जाते, पण हात पुसल्यावर तो वास बोटांवर किती वेळ राहतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला कोलोनकडून काय अपेक्षा ठेवावी हे निराळे सांगायला नको. ही पाणी मुळात सढळ हाताने, रुमालावर ओतून, दिवसातून अनेकदा वापरण्यासाठीच होती.

दुसरी जात साबणाच्या अंगाने जाणारी. डायहायड्रोमिर्सेनॉल या कृत्रिम पदार्थाला लिंबू आणि लॅव्हेंडर यांच्या मधला, किंचित धातूसारखा थंड वास असतो. साबणांना आणि धुण्याच्या पावडरींना तो फार मानवतो. १९८२ चा ड्राकार नुआर आणि १९८८ चा कूल वॉटर या पुरुषांच्या परफ्यूमांत तो भरपूर प्रमाणात वापरला गेला, आणि तेव्हापासून पुरुषांच्या डिओडरंटांचा, शेव्हिंग फोमचा आणि शॉवर जेलचा जो एक ठराविक ‘न्हाणीघरातला’ वास झाला आहे तो बराचसा त्यातून आलेला आहे. लिंबापेक्षा हा जास्त वेळ दम धरतो, पण त्याचाही जोर पहिल्या दोन-तीन तासांचाच.

तिसरी जात समुद्राची. कॅलोन हा पदार्थ फायझर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना १९६६ मध्ये सापडला. कलिंगड, काकडी आणि खारा वारा यांची एकत्र आठवण करून देणारा त्याचा वास परफ्यूमांत खरा रुजला तो मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस. १९९२ चा लो दिसे आणि १९९६ चा अक्वा दी जिओ हे त्याचे प्रसिद्ध नमुने. कॅलोन चिवट आहे, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे. ज्यांना तो आवडत नाही त्यांना तो संध्याकाळपर्यंत आवडत नाही.

चौथी जात धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्यांची, आणि स्वच्छपणाचा बहुतेक सगळा व्यवहार हिच्याच जोरावर चालतो. तिचे दोन आधार आहेत. एक आल्डिहाइडे या वर्गातली सुगंधी रसायने: १९२१ मध्ये एर्नेस्त बो यांनी रचलेल्या शनेल नंबर ५ मुळे ती जगभर गाजली, आणि नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा, गरम इस्त्रीखालच्या सुती कापडाचा भास त्यांतून होतो. हा भास निव्वळ कल्पनेतला नाही. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उन्हात वाळवलेल्या सुती टॉवेलांतून पेंटॅनल, ऑक्टॅनल, नोनॅनल अशी आल्डिहाइडेच बाहेर पडताना आढळली. गच्चीवरच्या दोरीवरून काढून आणलेल्या चादरीत तोंड खुपसल्यावर जो वास येतो, त्याच्यामागे हीच रसायने आहेत.

दुसरा आधार पांढऱ्या कस्तुरीचा. खऱ्या कस्तुरीमृगाशी तिचा संबंध नावापुरता. आल्बेर्ट बाउर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८८८ मध्ये स्फोटकांवर काम करताना पहिली कृत्रिम कस्तुरी हाती लागली. आज सर्वत्र असलेले गॅलॅक्सोलाइड हे १९६० च्या दशकातले. त्याचा रेणुभार २५८, म्हणजे लिमोनीनच्या जवळजवळ दुप्पट, आणि पाण्यात ते विरघळल्यासारखेच नसते. त्यामुळे कपडे खळबळून काढले तरी ते धाग्यांना धरून राहते. साबण आणि फॅब्रिक कंडिशनर बनवणाऱ्यांना नेमके हेच हवे होते. काही दशके सगळ्या घरांतले कपडे त्याच वासाने धुतले गेले आणि तो वास स्वच्छतेचा म्हणून नाकांत बसला. त्या वासात मुळात स्वच्छ असे काही नाही. आपल्या नाकाला तसे शिकवले गेले आहे.

हे शिक्षण सगळीकडे सारखे झालेले नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या ग्राहकाने विशेष लक्षात घ्यावी. युरोपात लिंबू म्हणजे उन्हाळी सकाळ असेल, आपल्या घरांत तो भांडी घासण्याच्या साबणाचाही वास आहे. पाइनचा वास बऱ्याच जणांना थेट फिनेलने पुसलेल्या इस्पितळाच्या जिन्यात नेऊन सोडतो. उलट शिकेकाई, उटणे, कापूर, माठातल्या पाण्यात सोडलेला वाळा हे आपले स्वच्छपणाचे वास, पण परदेशी ‘क्लीन’ परफ्यूमांत ते क्वचितच सापडतात. म्हणून एखाद्या नावाजलेल्या परफ्यूमने आपल्याला फरशीची आठवण करून दिली, तर आपली आवड कमी दर्जाची आहे असे समजून तो गळ्यात मारून घेण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: बाटलीवरची अक्षरे वाचणे

ईडीसी, ईडीटी आणि ईडीपी ही सुगंधी अर्काच्या प्रमाणाची ढोबळ नावे आहेत. ओ द कोलोनमध्ये साधारण २ ते ५ टक्के, ओ द टॉयलेटमध्ये ५ ते १५ टक्के आणि ओ द परफ्यूममध्ये १५ ते २० टक्के अर्क असतो असे मानले जाते. मात्र ही विभागणी प्रथेची आहे, आणि प्रत्येक कंपनी ती आपल्या सोयीने ताणते.

अक्षरे पाहून ईडीपी घ्यावा, तो जास्त टिकतो, असा सल्ला सर्रास मिळतो. ताज्या वासांच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. अर्काची टक्केवारी वाढवल्याने लिमोनीन जड होत नाही. त्यामुळे एकाच नावाच्या परफ्यूमची ईडीपी आवृत्ती काढताना बहुधा लिंबूवर्गीय भाग कमी करून तळाशी कस्तुरी, लाकूड, अंबर यांचा भार वाढवलेला असतो. तो टिकतो खरा, पण आपल्याला आवडलेला तो हा नव्हेच, असे घरी गेल्यावर लक्षात येते. ताजेपणाच हवा असेल तर माझा कौल ईडीटीला, आणि दुपारी पुन्हा लावण्याची तयारी ठेवण्याला.

तिसरी पायरी: दुकानात कागदावर

पहिल्या भेटीत काहीही विकत घेऊ नये आणि शक्यतो अंगावरही लावू नये. दुकानात मिळणाऱ्या कागदी पट्ट्या मागून घ्याव्यात, प्रत्येकीवर एकच फवारा मारावा, आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिलीने परफ्यूमचे नाव व वेळ लिहावी. ओले टोक थोडे वर वाकवले म्हणजे पट्टी टेबलावर ठेवली तरी वास टेबलाला लागत नाही आणि पट्ट्या एकमेकींना चिकटून खिचडीही होत नाही. फवारा मारल्यावर अर्धे मिनिट थांबावे, कारण लगेच हुंगल्यास नाकात जाते ते प्रामुख्याने अल्कोहोल. एका फेरीत तीन-चार परफ्यूम पुरे. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देण्याची पद्धत आहे. त्याने नाक काही ‘कोरे’ होत नाही. दुकानाबाहेर येऊन दोन मिनिटे मोकळ्या हवेत उभे राहणे किंवा स्वतःच्या बाहीचा वास घेणे तितकेच उपयोगी, आणि काउंटरवरचा मुलगा तेवढ्यात पाचवी बाटली पुढे करत नाही हा वर फायदा.

पट्ट्या घरी आणून वेगवेगळ्या लिफाफ्यांत ठेवाव्यात आणि त्याच रात्री, मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हुंगाव्यात. लिंबू केव्हाच गेलेले असेल. उरलेला वास हा परफ्यूमचा तळ, म्हणजे आपण खऱ्या अर्थाने ज्याच्याबरोबर ऑफिसात बसणार आहोत तो. सकाळच्या पट्टीवर नुसत्या धुण्याच्या पावडरीचा वास उरला असेल आणि तो आपल्याला चालत असेल तरच पुढच्या पायरीकडे जावे.

चौथी पायरी: घरी, अंगावर, घड्याळ लावून

कागद कोरडा आणि थंड असतो, त्वचा उबदार आणि थोडी तेलकट. त्यामुळे कागदावरचा निकाल हा कच्चा निकाल समजावा. पक्क्यासाठी पूर्ण दिवस द्यावा लागतो आणि त्यासाठी छोटी नमुना-कुपी, म्हणजे सँपल किंवा डिकॅन्ट, विकत घेणे पूर्ण बाटलीपेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे. अत्तराच्या फवाऱ्यात एका दाबाला साधारण ०.१ मिलीलिटर द्रव निघतो, म्हणजे २ मिलीलिटरच्या कुपीत वीसेक फवारे मिळतात; परीक्षेला तेवढे भरपूर होतात.

चाचणीच्या दिवशी आंघोळीला सौम्य, कमी वासाचा साबण घ्यावा. टाल्कम पावडर, सुगंधी तेल आणि वासाचा डिओडरंट त्या दिवसापुरते बाजूला ठेवावेत. शर्टही कंडिशनरमध्ये बुडवून काढलेला नसावा, आणि ज्या कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत त्यातून काढलेला तर मुळीच नसावा, कारण नॅप्थलीनपुढे कोणत्याही ताज्या परफ्यूमचे काही चालत नाही. मग एका हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, अर्ध्या फुटावरून एक फवारा मारावा. मनगटावर मारल्यास हात धुताना निम्मी परीक्षा बेसिनमध्ये जाते. फवारा तसाच सुकू द्यावा. दोन्ही हात एकमेकांवर घासण्याची सवय सोडावी; घासल्याने उष्णता निर्माण होते आणि आधीच घाईत असलेले हलके घटक आणखी लवकर निघून जातात.

आता नोंदी. दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी, चार तासांनी आणि संध्याकाळी, अशा पाच वेळा हात नाकाजवळ आणावा, आणि मधल्या काळात मुद्दाम हुंगू नये. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहाव्यात: वास कशासारखा आहे, हात नाकापासून किती लांब असताना तो येतो, आणि तो आपल्याला आवडतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलत जाते. पहिल्या दहा मिनिटांना पूर्ण गुण देणाऱ्या माणसाने चौथ्या तासाला ‘ठीक’ असे लिहिले, तर त्याने घ्यायच्या परफ्यूमबद्दलचे खरे मत ते ‘ठीक’ आहे.

साधारण काय दिसावे याचा अंदाज असलेला बरा. शुद्ध कोलोन त्वचेवर तास-दीड तास ठळक राहते आणि मग नेरोलीची किंवा कस्तुरीची बारीक कड उरते. ताजी ईडीटी तीन ते पाच तास ओळखू येईल इतकी असते, त्यातला पहिला तास मोठ्याने बोलणारा. कस्तुरीवर उभा असलेला ‘क्लीन’ परफ्यूम सहा-आठ तास राहू शकतो, पण तो पहिल्यापासूनच अंगाशी असतो; मिठी मारणाऱ्याला येतो, शेजारच्या टेबलावर जात नाही. टिकणे आणि दरवळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ताज्या वासांत त्यांची फारकत सर्वांत स्पष्ट दिसते. नवख्या माणसाचा घोटाळा इथेच होतो: दरवळ थांबला की परफ्यूम संपला असे त्याला वाटते.

आणखी एक घोटाळा नाकाचा. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणे सोडतो, आणि पांढऱ्या कस्तुरीच्या बाबतीत तर कित्येकांना एखादी विशिष्ट कस्तुरी मुळातच हुंगता येत नाही. तिच्या जागी त्यांना काहीच जाणवत नाही. कस्तुरी अनेक प्रकारच्या असल्यामुळे एक न येणाऱ्याला दुसरी येते. म्हणून स्वतःच्या नाकाचा निकाल अंतिम मानू नये. चार तासांनी घरातल्या कुणाला तरी, आधी काही न सांगता, हात पुढे करून विचारावे. “अजून येतोय की, सकाळी आंघोळीनंतर येत होता तसाच,” असे आईने किंवा बहिणीने सांगितले, तर दोष बाटलीचा नाही. असा निर्वाळा न घेता वास गेला म्हणून आठ फवारे मारून लोकलच्या डब्यात शिरणारी मंडळी आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहेत.

हीच चाचणी निदान दोन वेगळ्या दिवशी करावी: एक दिवस घरात किंवा एसीत, आणि एक दिवस बाहेर फिरून.

पाचवी पायरी: हवा पाहून हिशोब बदलणे

उष्णतेने बाष्पीभवन वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात तोच परफ्यूम सुरुवातीला मोठा आणि एकूण आयुष्यात छोटा होतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा लिंबूवर्गीय कोलोनचे आयुष्य विचारूच नये. तिथे त्याचा उपयोग गार वाटण्यापुरता, आणि त्या कामी ते उत्तम आहे, कारण अल्कोहोल उडताना त्वचेची उष्णता घेऊन जाते. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत वास जड, चिकट होऊन बसल्यासारखा वाटतो. गोडसर तळ असलेला परफ्यूम तिथे त्रास देतो, आणि कोरडा, वाळ्यासारखा हिरवा तळ असलेला शोभतो. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात त्वचा कोरडी पडते आणि कोरड्या त्वचेवर कोणताही परफ्यूम लवकर फिका होतो. एसी ऑफिसात दरवळ निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो, पण बाहेर उन्हात आल्यावर तो पुन्हा उठतो. सकाळी एसीत बसून फवारे मोजणाऱ्याने दुपारच्या रस्त्याचा विचार आधीच करावा.

घामाबद्दल एवढेच, की ताजा परफ्यूम घामाची दुर्गंधी झाकत नाही. दुर्गंधी त्वचेवरच्या जिवाणूंमुळे येते आणि तिच्यावर उपाय पाणी व साबण हाच आहे. घामेजलेल्या शर्टावर मारलेले लिंबू वीस मिनिटांत निघून जाते आणि मागे राहिलेले मिश्रण आधीपेक्षा वाईट असते.

सहावी पायरी: लावण्याची जागा आणि मात्रा

आंघोळीनंतर त्वचा किंचित ओलसर असताना बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावावा आणि त्यावर परफ्यूम मारावा. तेलकट थर हलक्या घटकांना थोडा वेळ धरून ठेवतो. ताज्या वासांचे आयुष्य वाढवण्याचे जे उपाय सांगितले जातात, त्यांत हा सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मानेच्या मागे, छातीवर आणि कोपराच्या खोबणीत मिळून ईडीटीचे तीन-चार, कस्तुरीप्रधान ईडीपीचे दोन फवारे पुष्कळ होतात. कोलोन सढळ वापरायला हरकत नाही. इस्पितळात कुणाला भेटायला जायचे असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर त्या दिवशी काहीच न लावणे उत्तम.

कपड्यांवर वास त्वचेपेक्षा बराच जास्त टिकतो, विशेषतः सुती कापडावर. दिवसभर वापरलेल्या शर्टाची कॉलर दुसऱ्या दिवशी धुवायला टाकण्याआधी हुंगून पाहावी. लिंबाचा मागमूस नसतो, पण कस्तुरी अशी बसलेली असते की शर्ट धुतलेला आहे की न धुतलेला असा क्षणभर संभ्रम पडावा. मात्र फवारा हातभर लांबून आणि आतल्या बाजूने मारावा. पैठणीवर किंवा कोणत्याही रेशमावर थेट फवारा कधीही मारू नये. डाग पडला तर जात नाही. मोत्यांची नथ, कुड्या, तन्मणी हे परफ्यूम पूर्ण सुकल्यावर घालावेत, कारण मोत्यांची झळाळी अशा द्रवांनी मंदावते. बाटलीत बहुतांश अल्कोहोलच असते, तेव्हा दिवाळीत पणत्या लावायच्या आधी किंवा गॅसजवळ उभे राहायच्या आधी फवारा सुकायला दोन मिनिटे द्यावीत.

उन्हाचाही एक इशारा आहे. बर्गमॉट आणि लिंबू यांच्या नैसर्गिक तेलांत बर्गाप्टेनसारखे पदार्थ असतात आणि ते लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखे काळपट डाग उठू शकतात. नामांकित कंपन्या हा पदार्थ काढून टाकलेले तेल वापरतात किंवा त्याचे प्रमाण मर्यादेत ठेवतात. खरा धोका आहे तो ‘नैसर्गिक’ म्हणून विकत आणलेले बर्गमॉटचे तेल घरच्या घरी खोबरेल तेलात मिसळून मानेला लावण्याचा. तो प्रयोग करू नये.

सातवी पायरी: दुपारची सोय

ताजा परफ्यूम दिवसातून दोनदा लावावा लागतो, हे एकदा मान्य केले की पुष्कळ मनस्ताप वाचतो. ५ किंवा १० मिलीलिटरची रिकामी फवाऱ्याची कुपी भरून बॅगेत ठेवावी. १० मिलीलिटरात शंभरएक फवारे होतात. दुपारी लावताना आधी मान आणि हात साध्या पाण्याने पुसून कोरडे करावेत आणि सकाळच्या निम्मी मात्रा घ्यावी, कारण तळाची कस्तुरी अजून जागेवर असते, आपल्याला भर घालायची आहे ती फक्त वरच्या लिंबाची. त्यामुळे ज्यांच्याकडे ईडीपी आहे त्यांनी दुपारी त्याचीच भर न घालता वरून साधे कोलोन लावून पाहावे. स्वस्तही पडते.

आपल्याकडे याहून जुना एक मार्ग आहे, तो मला फार आवडतो. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये देग-भपक्याने, म्हणजे भांड्यात उकळून निघालेली सुगंधी वाफ दुसऱ्या भांड्यात गोळा करून, अत्तरे काढण्याची परंपरा आजही चालू आहे आणि तिथल्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले खशाचे, म्हणजे आपल्या वाळ्याच्या मुळांचे अत्तर अल्कोहोलविना असते, हिरवे, मातकट, थंड वासाचे आणि अतिशय चिवट. हळदीकुंकवाला मनगटाच्या मागे अत्तराचा बोळा फिरवतात तितक्याच मात्रेत ते छातीवर लावावे, दहा मिनिटे जाऊ द्यावीत आणि वरून लिंबूवर्गीय कोलोनचे दोन-तीन फवारे मारावेत. कोलोन आपल्या वेळेला जाते. त्यानंतर पावडरीच्या कस्तुरीऐवजी माठातल्या पाण्याचा वास उरतो, आणि आपल्या नाकाला तो अधिक स्वच्छ वाटण्याची शक्यता आहे. वाळ्याचे अत्तर घेताना ते तेलकट पातळ आणि भडक हिरव्या रंगाचे नाही एवढे पाहावे. फार स्वस्त मिळत असेल तर ते मिश्रण आहे असे धरून चालावे.

आठवी पायरी: बाटलीची निगा

उष्णता, उजेड आणि हवा हे तीन शत्रू, आणि लिंबूवर्गीय परफ्यूम त्यांना सगळ्यांत आधी बळी पडतो. बाथरूममधली फळी, खिडकीजवळचे ड्रेसिंग टेबल आणि गाडीचा डॅशबोर्ड या तिन्ही जागा वर्ज्य. खोक्यासकट कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली बाटली काही वर्षे सहज राहते. अर्ध्याहून अधिक रिकामी झालेली बाटली जपून न ठेवता वापरून संपवावी, कारण आत साचलेल्या हवेने लिमोनीनचे ऑक्सिडेशन होते. बिघडल्याची खूण ठरलेली आहे: पहिल्याच श्वासात सालीच्या ऐवजी टर्पेंटाइन किंवा नेलपॉलिशसारखी उग्र, आंबूस झाक येते, आणि दहा मिनिटांनी वास पुन्हा ओळखीचा होतो, कारण तळातली कस्तुरी शाबूत असते. तेवढ्यावर समाधान मानून ती बाटली अंगाला लावत राहू नये. ऑक्सिडेशन झालेल्या लिमोनीनने काहींच्या त्वचेवर पुरळ येते आणि एकदा ती ॲलर्जी जडली की पुढे साध्या साबणांनीही ती उठू शकते. रंग न चढणाऱ्या सुती पडद्यांवर किंवा पायपुसण्यावर फवारून ती संपवावी, आणि पुढची बाटली ३० मिलीलिटरची घ्यावी.